स्वीडनमध्ये मास्टर्स: फी, तेंता आणि 'सर' नसलेले सर

दापोडीहून चिंचवडकडे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बसने निघालं की खिडकीतून एकेक पाटी मागे सरकते. सँडविक, अल्फा लावाल, ॲटलास कॉप्को, आणखी पुढे एसकेएफ. आम्हा पिंपरी-चिंचवडच्या पोरांना ही नावं आधी बसथांबे म्हणूनच पाठ झाली. कोणाचे बाबा इथे फर्स्ट शिफ्टला, कोणाचा मामा तिथे टूलरूममध्ये. या चारही कंपन्या मूळच्या स्वीडनच्या, आणि चारही १८६२ ते १९०७ या काळात उभ्या राहिलेल्या, हे मला बी.ई. होईपर्यंत ठाऊक नव्हतं. साधारण पुणे जिल्ह्याएवढी वस्ती असलेला देश, आणि त्याची बेअरिंगं नि दुधाचे सेपरेटर जगभर. हे लोक नेमकं करतात तरी काय, एवढ्या कुतूहलावर मी दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी गोथेनबर्गला गेले. तिथले लोक गावाला योतेबोरी म्हणतात. हे कळायला मला विमानतळावर दहा मिनिटं लागली.

परत आल्यापासून ओळखीपाळखीचे आईवडील मुलांना घेऊन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिकडे शिक्षण फुकट असतं ना?"

असायचं. स्वीडनने २०११ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली. डेन्मार्कने त्याआधीच, २००६ मध्ये. नॉर्वे बरीच वर्षं तग धरून होता, त्यानेही २०२३ पासून हात वर केले. फिनलंडने २०१७ मध्ये. खरं तर काटेकोरपणे स्कँडिनेव्हिया म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क एवढेच, फिनलंड आणि आइसलँड धरले की त्याला नॉर्डिक देश म्हणतात. पण सल्ला मागायला येणारे पाचही एकत्रच विचारतात. त्यांना मी आधी आकडे सांगते, कारण बाकीचं बोलणं त्याशिवाय हवेत राहतं.

स्वीडनमध्ये इंजिनिअरिंगच्या मास्टर्सची फी वर्षाला दीड लाख क्रोनांच्या आसपास धरा. दोन वर्षांचे तीन लाख. राहण्या-खाण्यासाठी महिन्याला साधारण साडेदहा हजार क्रोना तुमच्या स्वतःच्या खात्यात आहेत हे निवासपरवान्याच्या अर्जात दाखवावं लागतं. बाबांच्या खात्यातले चालत नाहीत. चोवीस महिन्यांचे झाले अडीच लाख. एकूण साडेपाच लाख क्रोना. क्रोनाचा रुपयातला भाव खालीवर होत असतो. नऊ धरला तर पन्नास लाख रुपये. शिवाय पहिला हप्ता भरल्याशिवाय परवान्याचा अर्ज पुढे सरकत नाही. मानव्यविद्यांची फी कमी असते, आर्किटेक्चर आणि डिझाइनची बरीच जास्त. विद्यापीठं फीमध्ये सूट देतात, काहींना अर्धी, काहींना त्याहून जास्त, पण ती मिळणारे थोडे. "बघू, मिळेल" या भरवशावर घर गहाण टाकू नका.

मग एवढे पैसे घालून मिळतं काय? मला विचाराल तर दोनच गोष्टी अशा मिळतात ज्या दुसरीकडे याच भावात सहसा मिळत नाहीत. एक म्हणजे वर कोणी उभं नसताना काम करायची सवय. दुसरी म्हणजे पीएच.डी.चं दार, जिथे फी संपते आणि पगार सुरू होतो. बाकी स्वच्छ हवा, सायकली, जंगलात मोकळेपणी हिंडायचा हक्क, हे सगळं छान आहे, पण त्यासाठी पन्नास लाख घालायची गरज नाही.

पहिल्या गोष्टीची सुरुवात माझ्या एका मेलने झाली. पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांना मी लिहिलं, "रिस्पेक्टेड सर", मग "विथ ड्यू रिस्पेक्ट", मग मुद्दा, मग "थँकिंग यू इन ॲंटिसिपेशन". उत्तर दोन ओळींचं आलं. वर "हेय", म्हणजे नमस्कारच, पण मित्राला करतात तसा. खाली नुसतं पहिलं नाव. पुढे वर्गातही तेच. पंचावन्न-साठ वर्षांच्या माणसाला नावाने हाक मारायची. मला ते जमेना. पहिला महिना मी हाक मारायची वेळच येणार नाही अशा बेताने वाक्यं रचली. सासरी नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आमच्या आजीचं कसब तेव्हा मला कळलं.

हे तिथेही फार जुनं नाही. पूर्वी स्वीडिशमध्ये वरच्या माणसाला 'तू' म्हणायची सोय नव्हती, आणि 'तुम्ही'साठी जो शब्द होता तो कित्येकांना उलट कमीपणाचा वाटे. त्यामुळे लोक समोरच्याला त्याच्या पदाने संबोधून, तो तिथे नसल्यासारखं बोलत: "प्रोफेसर कॉफी घेणार का?" आपल्याकडे साहेबांनाच तोंडावर "साहेब चहा घेणार ना?" म्हणतात, अगदी तसंच. साठच्या दशकात ही पद्धत मोडत गेली. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेद यांनी सरकारी आरोग्य खात्याचं प्रमुखपद घेताना सांगून टाकलं की मी इथे सगळ्यांना 'तू' म्हणणार आणि मलाही तसंच म्हणा. त्यांचं नाव 'तू'-सुधारणेशी कायमचं जोडलं गेलं. डॉक्टर मंडळींना हे नाव वेगळ्याच ठिकाणी भेटतं, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचे थर त्यांच्याच नावाने शिकवतात.

'तू' म्हटल्याने शिक्षण कसं बदलतं? एक प्रसंग सांगते. थकण्यामुळे धातूला भेगा कशा पडतात यावरचा तास होता. एका मुलीने विचारलं, की हे सूत्र इतक्या कमी तापमानाला लागू पडतं का. प्राध्यापक थांबले, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला माहीत नाही. गुरुवारपर्यंत बघतो." गुरुवारी आले ते दोन पानं घेऊन, आणि सुरुवात केली तिच्या नावाने. माझ्या चार वर्षांच्या बी.ई.मध्ये "मला माहीत नाही" हे वाक्य फळ्याच्या त्या बाजूने मी ऐकलेलं नव्हतं. शिकवणारा असं म्हणू शकतो, म्हणून शिकणाराही म्हणू शकतो. माझ्या मते सगळ्याची किल्ली इथे आहे. वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, भीतीने आपण जे 'येतंय' असं दाखवायला शिकलेलो असतो, ते तिथे पहिल्या सत्रात उतरवून ठेवावं लागतं.

आणखी एक शब्द तुम्हाला मेलमध्ये दिसेल: 'वाब'. मूल आजारी पडलं की आईने किंवा वडिलांनी घरी राहायचं आणि त्या दिवसाच्या पगाराचा मोठा भाग सरकारी विम्यातून घ्यायचा, अशी सोय आहे. त्यासाठीचं हे लघुरूप. "आज वाब, तास पुढच्या मंगळवारी", एवढाच मेल. फेब्रुवारीत सर्दी-तापाची साथ असते म्हणून त्या महिन्याला गमतीने 'वाब्रुवारी' म्हणतात. मला आधी हा बेशिस्तपणा वाटला. नंतर ध्यानात आलं की कोणाचंच काम त्यामुळे अडत नाही, कारण काम करायला कोणी समोर बसलेलं असावं लागतं असं गृहीतच धरलेलं नाही.

अभ्यासाची रचना आपल्याहून वेगळी असते, ती जरा नीट समजून घ्या. वर्षाला ६० क्रेडिट, दोन वर्षांचे १२०. दीड क्रेडिट म्हणजे चाळीस तासांचा एक आठवडा. आपल्यासारखे सहा विषय सहा महिने एकत्र ओढायचे नसतात. आमच्याकडे वर्षाचे चार तुकडे असत, दर तुकड्यात साडेसात क्रेडिटचे दोनच विषय, आणि तुकडा संपला की लगेच परीक्षा. तास आठवड्याला बारा-चौदाच. वेळापत्रक पाहून बाबा फोनवर म्हणाले होते, "मग उरलेला वेळ काय करतेस?" उरलेल्या वेळातच खरं शिक्षण असतं. वाचन, प्रोजेक्ट, लॅब रिपोर्ट. हजेरी बहुतेक ठिकाणी कोणी घेत नाही. त्यामुळे पहिले तीन आठवडे सुट्टी असल्यासारखे जातात आणि सातव्या आठवड्यात पायाखालची वाळू सरकते. आपल्याकडून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं एकदा असं होतं. माझंही झालं.

परीक्षेला तेंता म्हणतात. चार तासांची. पेपरवर नाव नसतं, एक सांकेतिक क्रमांक असतो, म्हणजे तपासणाऱ्याला उत्तरं कोणाची ते कळत नाही. टेबलावर केळं, सँडविच, थर्मास ठेवायला हरकत नसते. माझ्या शेजारच्या मुलाने पहिल्या तेंतात शांतपणे अख्खं गाजर खाल्लं, तो कुरकुर आवाज अजून आठवतो. आमच्याकडे श्रेणी ३, ४ आणि ५ अशा होत्या. ५ सगळ्यात वरची, नापास म्हणजे 'उ'. नापास झालात तर पुन्हा बसता येतं आणि गुणपत्रिकेवर त्याचा डाग राहत नाही. फक्त परीक्षेची नोंदणी आधी स्वतः करायची असते. मी एकदा ती तारीख विसरले, आणि विषय येत असून तेंता पुढच्या खेपेवर गेली. आठवण करून द्यायला कोणी नव्हतं. ज्याची त्याची जबाबदारी म्हणतात ती ही.

एक धोक्याची सूचना इथेच देते. ढापाढापी. दुसऱ्याच्या रिपोर्टमधला परिच्छेद उचलून टाकणं, जे आपल्याकडे जर्नल पूर्ण करायच्या रात्री सर्रास चालतं, ते तिथे शिस्तपालन समितीपुढे जातं आणि सहा महिन्यांपर्यंत निलंबन होऊ शकतं. सहा महिने अभ्यास बंद झाला की निवासपरवानाही अडचणीत येतो. ग्रुपमध्येही "तू दोन प्रकरणं लिही, मी तीन लिहितो, रात्री जोडू" हे चालत नाही. स्वीडिश मुलं आधी बसतात, कॉफी पितात, प्रत्येकाचं म्हणणं ऐकतात, पुन्हा कॉफी पितात. निर्णय व्हायला असह्य वेळ लागतो. पण एकदा झाला की नंतर कोणी मागे फिरत नाही. मला हे शेवटपर्यंत पूर्ण आवडलं नाही, पण त्याचा उपयोग आज रोज होतो.

मी शिकले त्या चाल्मर्स विद्यापीठाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विल्यम चाल्मर्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक. ब्रिटिशांच्या नव्हे, स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या! अशी एक कंपनी होती, तिचं ठाणं गोथेनबर्गला, आणि व्यापार मुख्यतः चीनमधल्या कँटनशी, चहाचा आणि चिनी मातीच्या भांड्यांचा. चाल्मर्सने मृत्युपत्रात संपत्तीचा एक भाग लिहायला-वाचायला शिकलेल्या गरीब मुलांच्या धंदेशिक्षणाच्या शाळेसाठी ठेवला. ती शाळा १८२९ मध्ये सुरू झाली. पुढे त्याच गावात १९०७ मध्ये एसकेएफ निघाली आणि एसकेएफच्याच पैशावर व्होल्वो उभी राहिली. शाळा, कारखाना आणि बंदर असे शेजारी शेजारी वाढले. इंजिनिअरिंगला त्याचा आजही थेट फायदा होतो तो 'एक्सयोब'मध्ये.

एक्सयोब म्हणजे मास्टर्सचा शेवटचा प्रबंध. ३० क्रेडिट, वीस आठवडे, आणि तो बहुतेकदा कंपनीत बसून करतात. कंपन्या विषय जाहीर करतात, तुम्ही नोकरीसारखा अर्ज करता. मी रोज सकाळी नदीवरची छोटी फेरीबोट पकडून लिंडहोल्मेनला जायचे. तिकीट नाही, सायकलसकट आत शिरायचं. जिथे पूर्वी जहाजं बांधत तिथे आता गाड्यांची आणि सॉफ्टवेअरची ऑफिसं आहेत. काम खरं होतं, मला दिलेला डेटा खऱ्या चाचण्यांचा होता, आणि आठवड्यातून एकदा कंपनीचा इंजिनिअर नि विद्यापीठाचा मार्गदर्शक दोघं माझ्याकडून ऐकून घ्यायचे की आता पुढे काय करायचं. शेवटी सादरीकरण. त्यात एक गंमत असते: तुमच्या प्रबंधाला 'विरोधक' म्हणून दुसरा विद्यार्थी नेमलेला असतो. त्याने प्रबंध बारकाईने वाचून भोकं दाखवायची, आणि तुम्हीही कोणाचा तरी विरोधक व्हायचं. सादरीकरण कोणालाही येऊन ऐकता येतं. बाबांनी ते चिंचवडहून व्हिडिओवर पाहिलं. संपल्यावर त्यांचा प्रश्न एवढाच होता: "त्या पोराने इतक्या चुका काढल्या, आणि नंतर तुम्ही एकत्र केक कसा खाल्ला?"

आता पीएच.डी. यात सगळ्यात जास्त गैरसमज असतात. स्वीडनमध्ये, आणि नॉर्वे-डेन्मार्कमध्येही, पीएच.डी. ही बहुतांशी नोकरी असते. जागेची जाहिरात निघते, अर्ज करायचा, मुलाखत होते, करार होतो. फी शून्य, तुम्ही कुठल्याही देशाचे असा. स्वीडनमध्ये चार वर्षांचा अभ्यास, आणि शिकवण्याचं काम जास्तीत जास्त २० टक्के, म्हणून एकूण पाच वर्षांपर्यंत. डेन्मार्कमध्ये तीन वर्षं. पगार महिन्याला तीस हजार क्रोनांच्या वर सुरू होतो. त्यावर कर कापतात, आणि त्याबरोबर रजा, आजारपण, बाळंतपण सगळं कर्मचाऱ्यासारखंच. हिशेब करा: मास्टर्सला पन्नास लाख घालणारा आणि थेट पीएच.डी.ची जागा मिळवणारा, दोघं एकाच देशात, एकाच कॉरिडॉरमध्ये असतात. म्हणून ज्यांचं इथलं एम.टेक. किंवा एम.एस्सी. चांगल्या गुणांनी झालंय त्यांना मी पुन्हा मास्टर्स करू देत नाही. जागांच्या जाहिराती बघा म्हणते. शेवटी प्रबंध तयार झाला की तो जाहीर चर्चेच्या किमान तीन आठवडे आधी भिंतीवरच्या लाकडी फळीला खिळा मारून लटकवतात. खरोखरीचा हातोडा, खरोखरीचा खिळा. कोणीही यावं, वाचावं, चर्चेच्या दिवशी प्रश्न विचारावा.

रोजच्या जगण्यातली एक चावी आधी माहीत असेल तर बराच मनस्ताप वाचतो. तिचं नाव पर्सूननुम्मेर, म्हणजे व्यक्तिक्रमांक. जन्मतारखेचे सहा आकडे आणि पुढे चार. त्या चारांतला तिसरा विषम असेल तर पुरुष, सम असेल तर स्त्री. तो करखात्याकडून मिळतो, आणि परवाना किमान वर्षभराचा असेल तरच मिळतो. तो मिळाला की ओळखपत्र, मग बँकखातं, मग फोनवरचं बँक-आयडी, मग डॉक्टरच्या अपॉइंटमेंटपासून कपडे धुण्याच्या खोलीच्या पाळीपर्यंत सगळं. तो मिळेपर्यंत तुम्ही या देशात जणू नाहीच. माझे ते पाच आठवडे रोख रकमेवर काढायचे म्हटले तर दुकानंच रोख घेईनात. जाताना परदेशात चालणारं कार्ड नीट तपासून न्या.

खोलीचं दुखणं त्याहून मोठं. विद्यार्थ्यांच्या खोल्या रांगेने मिळतात. नाव घातल्यापासून रोज एक दिवस तुमच्या खात्यात जमा होतो आणि ज्याचे दिवस जास्त त्याला खोली. काही विद्यापीठं फी भरणाऱ्यांसाठी खोल्या राखून ठेवतात, प्रवेश स्वीकारताना पहिलं काम ते विचारायचं. माझ्या बॅचच्या एकाने नेटवरची जाहिरात बघून, खोली न पाहता डिपॉझिट पाठवलं. पत्ता खरा होता, खोलीही होती, तिथे राहणाऱ्या बाईंना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं.

अंधाराबद्दल सगळेच लिहितात, म्हणून दोनच ओळी. डिसेंबरात गोथेनबर्गला सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आधी मावळतो, तोही ढगांमागे. थंडीचा कोट सगळे घेतात. सगळ्यांनी घ्यायला हवी ती दुपारी बारा वाजता बाहेर पडायची सवय.

नोकरीचं खरं सांगायचं तर ते विषयावर आणि भाषेवर अवलंबून आहे. मास्टर्स झाल्यावर स्वीडनमध्ये नोकरी शोधायला वर्षभराचा परवाना मागता येतो. सॉफ्टवेअर, गाड्या, टेलिकॉम यांत इंग्रजीवर भागतं. मार्केटिंग, एच.आर., सरकारशी संबंध येणारं काही असेल तर स्वीडिशशिवाय दार उघडत नाही. व्यक्तिक्रमांक मिळालेल्यांना पालिकेचे स्वीडिशचे वर्ग फुकट असतात, पहिल्याच महिन्यात नाव घालावं. मी दुसऱ्या वर्षी घातलं, आणि म्हणूनच आज पुण्यात आहे असं कधीकधी वाटतं. शिकताना काम करण्याचे नियमही देशागणिक वेगळे. नॉर्वेत आठवड्याला २० तास, डेन्मार्कमध्ये महिन्याला ९०. परवान्यांचे नियम गेल्या काही वर्षांत सगळीकडेच कडक होत चालले आहेत. त्यामुळे एजंट काय म्हणतो त्यापेक्षा अर्ज करायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी साइटवर काय लिहिलंय ते वाचा.

राहता राहिला अर्ज. स्वीडनची जवळजवळ सगळी विद्यापीठं एकाच सरकारी संकेतस्थळावरून प्रवेश देतात. ९०० क्रोना भरायचे, जास्तीत जास्त चार कोर्स निवडायचे आणि त्यांना क्रम द्यायचा. ऑक्टोबरच्या मध्याला अर्ज सुरू होतात, जानेवारीच्या मध्याला बंद, कोर्स ऑगस्टअखेर सुरू. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ६.५ लागतात, कुठल्याही विभागात ५.५ च्या खाली नको. क्रम देताना मात्र नीट विचार करा. वरचा कोर्स मिळाला की खालचे सगळे आपोआप रद्द होतात, "दोन्ही मिळाले तर बघू" ही सोय नाही. मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने नावाच्या वलयासाठी पहिल्या क्रमांकावर असा कोर्स टाकला ज्याचा अभ्यासक्रम त्याने उघडूनही पाहिला नव्हता. तो मिळाला. त्याला खरोखर हवा होता तो दुसऱ्या क्रमांकावर होता.